मॅगझिनमध्ये दहाच गोळ्या : कॅलिफोर्नियाचा कायदा योग्य की अन्याय?

सॅनहोजेकर

माझा मुलगा दुसरीत आहे. परवा जेवताना सांगत होता, "आई, आज बाईंनी दिवे घालवले आणि आम्ही सगळे भिंतीला चिकटून बसलो. बोलायचं नाही, खोकलासुद्धा दाबायचा." बंदूकधारी शाळेत शिरला तर काय करायचं, याचा सराव होता तो. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

म्हणून हा धागा. कॅलिफोर्नियात दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन (बंदुकीत बसवायची गोळ्यांची पेटी) विकायला २००० पासूनच बंदी आहे. २०१६ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन ६३ ला (थेट लोकांच्या मताला टाकलेल्या कायद्याला) ६३ टक्के मतं दिली आणि जवळ बाळगणंही बेकायदा ठरलं. सॅन डिएगोचे न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी ही बंदी घटनाबाह्य ठरवली, एकदा २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये. मार्च २०२५ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ७ विरुद्ध ४ मतांनी ती वैध ठरवली. त्याविरुद्धचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला आहे.

मी बंदीच्या बाजूने आहे. ८ जानेवारी २०११ ला ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये खासदार गॅबी गिफर्ड्स एका दुकानाबाहेर लोकांना भेटत होत्या. हल्लेखोराकडे ३३ गोळ्यांचं मॅगझिन होतं. ते रिकामं होईपर्यंत कोणालाच काही करता आलं नाही. ६ माणसं गेली. तो दुसरं मॅगझिन काढायला लागला तेव्हा आजूबाजूच्यांनी, त्यांत जखमी झालेलेही होते, त्याला खाली पाडलं. ती संधी अकराव्या गोळीआधी आली असती तर? मला एवढंच विचारायचं आहे.

कोयनाकाठ

ताई, मुलाचं वाचून पोटात कालवलं. मलाही दोन मुली आहेत. तरी तुमच्याशी सहमत नाही.

मी ह्यूस्टनजवळ राहतो, पिस्तूल बाळगतो, महिन्यातून दोनदा नेमबाजीच्या रेंजवर जातो. मॅगझिन भरताना शेवटच्या गोळ्यांना स्प्रिंग इतकी ताठ होते की अंगठ्यावर वळ उठतो. पण भरलेलं मॅगझिन बदलायला सराव असलेल्याला दोन-तीन सेकंद पुरतात. ठरवून आलेला माणूस खिसे भरूनच येतो. कोलंबाइनच्या शाळेत १९९९ मध्ये गोळीबार झाला तेव्हा देशभर दहाची मर्यादा होती (१९९४ ते २००४). तिथल्या हल्लेखोरांपैकी एकाने दहा-दहा गोळ्यांची मॅगझिनं बदलत ९६ गोळ्या झाडल्या. व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या हल्ल्यात २००७ मध्ये दहा आणि पंधरा गोळ्यांची मॅगझिनं होती, ३२ जीव गेले.

उलट रात्री दोनला दार फोडून तिघे आत आले, तर माझ्या बायकोच्या थरथरत्या हातात जे मॅगझिन असेल तेवढंच. दुसरं शोधायला ती कुठे जाणार? आणि ज्याने १९९८ मध्ये पावती घेऊन वस्तू विकत घेतली, त्याला म्हणायचं, राज्याबाहेर ने, दुकानदाराला वीक किंवा पोलिसांत जमा कर, नाहीतर तू गुन्हेगार. हा कुठला न्याय?

सॅनहोजेकर

दादा, व्हर्जिनिया टेकला गेलेल्यांत मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगी होती. मर्यादा घातली की सगळं थांबेल असं मी म्हणतच नाही. पण तुमचे दोन-तीन सेकंद क्षुल्लक कसे? सँडी हूक शाळेतल्या हल्लेखोराकडे २०१२ मध्ये ३० गोळ्यांची मॅगझिनं होती. एका वर्गात गोळीबार मध्येच थांबला. बंदूक अडकली की तो मॅगझिन बदलत होता यावर वाद आहे, पण तेवढ्यात काही मुलं दारातून पळाली आणि वाचली. पहिलीतली मुलं होती ती. आणि ओहायोतल्या डेटनचा गोळीबार, २०१९. पोलीस इतके जवळ होते की साधारण अर्ध्या मिनिटात त्यांनी हल्लेखोराला मारलं. तेवढ्यात शंभर गोळ्यांच्या ड्रममधून (गोल मॅगझिनमधून) ४१ गोळ्या सुटल्या होत्या, ९ माणसं गेली.

स्वसंरक्षणाचं म्हणाल तर राज्याच्या तज्ज्ञांनी कोर्टात सांगितलं की अशा प्रसंगी सरासरी दोनच्या आसपास गोळ्या झाडल्या जातात.

निषाद

शस्त्र बाळगायचा घटनेतला हक्क सरासरीवर ठरत नाही. मलाही आग विझवायचं यंत्र आजवर एकदाही लागलेलं नाही.

कायद्याचं बोलू. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालापासून "लोकांचा जीव वाचतो" एवढं सांगून सरकारची सुटका होत नाही. अमेरिकेच्या इतिहासात अशाच धाटणीचे निर्बंध होते हे त्याला दाखवावं लागतं. नवव्या सर्किटने २०२५ च्या निकालात आधी म्हटलं की मोठं मॅगझिन हे शस्त्रच नव्हे, नुसती जोडवस्तू आहे. हे मला अजिबात पटत नाही. त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हॅनडाइक यांनी तर आपल्या मतभेदासोबत स्वतः पिस्तुलाचे भाग हाताळून दाखवणारा व्हिडिओ जोडला. (न्यायाधीशाने असं करावं का, हा वेगळा प्रश्न.)

पण त्याच निकालातला दुसरा मुद्दा भक्कम आहे. दाराला दोरी बांधून आपोआप उडेल अशी बंदूक लावायला न्यू जर्सीने १७७१ मध्येच बंदी घातली होती. बंदुकीचा जो विशिष्ट वापर निष्पापांच्या जिवावर उठतो तो रोखायचा, बंदूक ठेवू द्यायची. ही परंपरा आहे, नाही म्हणता येणार नाही.

परळचा

मी मुंबईतून लिहितोय. २६/११ ला सीएसटीवर कसाबकडे एके-४७ होती आणि आपल्या पोलिसांकडे .३०३ रायफली आणि लाठ्या. मर्यादा नेहमी कायदा पाळणाऱ्यावरच पडते, हे आम्ही पाहिलंय. त्यामुळे कोयनाकाठ यांचं मला पटतं.

सॅनहोजेकर

परळकर, ती शस्त्रं समुद्रातून आली होती, दुकानातून नाही. इथे टूसॉनवाल्याने पिस्तूल कायदेशीर विकत घेतलं होतं. तुकाराम ओंबळ्यांनी बंदुकीची नळी धरून ठेवली आणि गोळ्या स्वतःच्या अंगात घेतल्या, म्हणून कसाब जिवंत सापडला. नि:शस्त्र माणसाला झेप घ्यायला एक क्षण तरी मिळावा, इतकंच मी मागतेय.

कोयनाकाठ

ओंबळ्यांचं नाव आलं की वाद घालवत नाही. पण एका गोष्टीचं उत्तर द्या. तुमच्या कायद्यात निवृत्त पोलिसांना सूट आहे. घरी बसलेल्या निवृत्त अधिकाऱ्याला पंधरा गोळ्या लागतात आणि एकट्या राहणाऱ्या नर्सला दहा पुरतात, असं का?

सॅनहोजेकर

याचं समर्थन माझ्याकडे नाही. ड्यूटीवरच्या पोलिसाचं समजू शकते. निवृत्तांची सूट काढायला हवी, आणि माझ्या आमदाराला मी तसं लिहीन. दहाचा आकडा मात्र सोडणार नाही.

कोयनाकाठ

लिहा. तेवढ्या एका पत्रावर मीही सही करेन.