मारुती ८०० (कार्ब म्हणजे कार्ब्युरेटरवाली, १९९६): फ्युएल पंप आणि फिल्टर कोणता टाकू?

जुनी८००
मूळ मेकॅनिकल पंप आहे. सपाटीला गाडी मस्त. खंबाटकी चढताना लोड आला की पेट्रोल तुटल्यासारखे झटके देते. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा निघते. मेकॅनिक म्हणतो, इलेक्ट्रिक पंप टाका. टाकावा का? आणि एमपीएफआयचा (कार्बऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाडीचा) फिल्टर चालेल?

पाना_नंबर_१०
आधी तपासा, मग पैसे काढा. इंजिन गार असताना इग्निशन कॉइलचं कनेक्शन सोडा, कार्बकडे जाणारा पाइप बाटलीत धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. धार ठसक्याठसक्याने, जोरात आली पाहिजे. मरतुकडी आली तर पंपाचा इनलेट थेट स्वच्छ पेट्रोलच्या कॅनमध्ये बुडवून पुन्हा करा. आता नीट आली तर पंप शाबूत, दोष मागे आहे: फिल्टर, लाइन किंवा होज (रबरी नळी). टाकीपासून पंपापर्यंतच्या होजला बारीक चीर असेल तर पेट्रोल गळेलच असं नाही, हवा मात्र ओढली जाते. म्हणून वरवर बघून काही कळत नाही.

डिपस्टिकचा वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास आणि पातळी वर चढलेली असेल तर पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) फाटलाय. मग पंपासोबत ऑइलही बदला, तसंच चालवलं तर बेअरिंग जातील.

आणि घाटात बंद पडली की टाकीचं झाकण उघडून बघा. 'फुस्स' झालं तर टाकीचा व्हेंट (हवा आत घेणारं भोक) तुंबलाय.

कार्बप्रेमी
इलेक्ट्रिकच हवा असेल तर कार्बसाठीचाच, ०.२ ते ०.३ बारचा. एमपीएफआयचा पंप ३ बारच्या आसपास दाब देतो, फ्लोटची सुई (कार्बमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी) एवढा दाब धरू शकत नाही आणि कार्ब ओसंडून वाहतो. इलेक्ट्रिक पंप ढकलतो चांगला, ओढतो वाईट, म्हणून टाकीजवळ खालीच बसवायचा. इंजिन बंद पडलं की पंपही बंद होईल असा रिले (आपोआप चालणारा स्विच) हवाच, नाहीतर अपघातात फाटक्या पाइपातून पेट्रोल येतच राहतं. एवढा खटाटोप ८०० ला कशाला, हे माझं मत.

मेकॅनिकल नवा बसवताना पंपाखालचा जाड इन्सुलेटर विसरू नका. तो इंजिनची उष्णता अडवतो, शिवाय त्याच्या जाडीवर पंपाच्या आर्मची चाल ठरते.

जुनी८००
कॅनमधून धार दणदणीत आली, टाकीच्या लाइनवर मात्र मरतुकडी. ऑइलला वास नाही. झाकण उघडलं तर आवाजही नाही.

पाना_नंबर_१०
मग पंपाला हात लावू नका. कार्ब मॉडेलचाच इनलाइन फिल्टर घ्या, बाण पंपाकडे. एमपीएफआयचा फिल्टर दाबाच्या लाइनसाठी असतो, इथे पंप ओढतो, त्याला उगाच अडथळा नको. पारदर्शक फिल्टर अर्धा रिकामा दिसला तरी घाबरू नका.

होज सगळ्या बदला, नव्या क्लॅम्पसह. ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं, मऊ पडतं. होजवर 'आर९' (पेट्रोलच्या होजचा दर्जा) छापलेलं बघून घ्या. साधी पाण्याची नळी नको. इथेनॉल टाकीतला जुना मळही सोडवतं, म्हणून हा फिल्टर ५०० किलोमीटरनंतर एकदा बदलाच.

जुना फिल्टर फेकण्याआधी उलटा धरून पांढऱ्या कापडावर झटका. लालसर भुकटी पडली तर टाकी आतून गंजलीय, ती उतरवून साफ केल्याशिवाय नवा फिल्टरही टिकणार नाही.