मदत हवी आहे: वस्तऱ्याची धार घोटायच्या पट्ट्यावर धार घासणारी बारीक कणांची पेस्ट लावावी का? लावायची तर कोणती आणि कशावर?

नमस्कार मंडळी,

वस्तरा म्हणजे खरा वस्तरा, सलूनमधला अर्धं ब्लेड घालायचा नव्हे. माझ्याकडचा जर्मनीतल्या झोलिंगेनचा आहे. पातं 5/8 इंच रुंद, दोन्ही बाजूंनी पूर्ण खोलगट, आजोबांच्या वापरातला. दिवाळीच्या सुमारास एका जाणकाराकडून त्याला दगडावर धार लावून घेतली, शेवटचा हात 12000 नंबरच्या, म्हणजे अगदी बारीक कणांच्या जपानी दगडावर. तेव्हा दाढी इतकी सुरेख व्हायची की उलटा हात फिरवला तरी गालाला खरखर लागायची नाही. आता गालावर अजून बरा चालतो, पण हनुवटीवर आणि खालच्या ओठाखाली केस कापण्याऐवजी ओढतो. नंतर तुरटी फिरवली की नेमकं तिथेच झोंबतं.

दाढीआधी न चुकता पट्ट्याच्या कॅनव्हासच्या बाजूवर दहा-पंधरा आणि चामड्याच्या बाजूवर चाळीसेक फेऱ्या देतो. पाठ पुढे, धार मागे, वळवायचा तो पाठीवरूनच, आणि पट्टा ताणलेला. भिंगातून कुठे टवका दिसत नाही. पण धार वर करून पातं दिव्याखाली धरलं की मधल्या भागात एक अगदी बारीक चकाकती रेघ दिसते. चांगल्या धारेवर उजेड परतायला जागाच नसते, म्हणजे तेवढ्या भागात ती बोथट झाली आहे हे मला कळतंय.

लगेच दगडाकडे जायचं नाहीये. तिथे पाठ आणि धार दोन्ही टेकतात, दोन्हीकडचं पोलाद जातं. हा वस्तरा माझ्या मुलाच्या हाती जाईल तेव्हा त्यात पोलाद शिल्लक असावं असं मनापासून वाटतं. म्हणून पेस्टचा विचार करतोय.

पट्ट्याच्या चामड्याला एकदा पेस्ट लागली की ती पुरती निघत नाही, त्यामुळे ती बाजू कोरीच ठेवणार. मग कॅनव्हासला लावू, की लाकडी फळीवर वेगळं चामडं चिकटवून घेऊ? पेस्टमध्ये हिरवी क्रोमियम ऑक्साइडची (कण साधारण 0.5 मायक्रॉनचे; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), लाल आयर्न ऑक्साइडची आणि हिऱ्याची 0.5 व 0.25 मायक्रॉनची असे पर्याय दिसतात. हार्डवेअरच्या दुकानात स्टील चमकवायची हिरवी वडी स्वस्तात मिळते, ती चालेल का? किती फेऱ्या द्यायच्या? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, आता पेस्टने भागणार नाही, दगडच हवा, हे ओळखायचं कसं?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद 1

दादा, हार्डवेअरची वडी नको. ती बफच्या चाकावर भांडी-नळ चमकवायला बनवलेली असते. रंग हिरवा असला तरी बऱ्याचदा त्यात अॅल्युमिनियम ऑक्साइडही मिसळलेलं असतं आणि कण एकसारखे नसतात. मोठा कण धारेवर ओरखडा काढतो, आणि तो ओरखडा दाढीच्या वेळी हनुवटीला कळतो. निव्वळ क्रोमियम ऑक्साइडची बारीक भुकटी किंवा खास वस्तऱ्यासाठीची पेस्ट घ्या. क्रोमियम म्हटलं की लोक दचकतात, पण विषारी असतं ते हेक्साव्हॅलंट क्रोमियम. ही हिरवी भुकटी वेगळी, पाण्यात न विरघळणारी. तरी भुकटी उडवू नका, नाकात जाऊ देऊ नका.

हिऱ्याची पेस्ट झपाट्याने कापते. दोन-चार फेऱ्यांत फरक दिसतो, पण ती धार पुष्कळांना त्वचेवर बोचरी लागते, मलाही लागते. क्रोमियम ऑक्साइड सावकाश काम करतं आणि तुमच्या गरजेला ते पुरे. लाल आयर्न ऑक्साइड आणखी मऊ, ते हिरव्यानंतर मुलायमपणासाठी. एवढ्यात त्याची गरज नाही.

कशावर लावता, हे मात्र पेस्टच्या रंगाहून जास्त महत्त्वाचं आहे. टांगलेला पट्टा कितीही ताणला तरी थोडा झोल राहतो, आणि मऊ चामडं पात्याच्या दाबाखाली दबून धारेच्या मागे किंचित वर उचलतं. कोऱ्या चामड्यावर याने फारसं बिघडत नाही, कारण कोरं चामडं पोलाद जवळजवळ काढतच नाही, धार सरळ करून घोटतं. पेस्ट पोलाद काढते. त्यामुळे धारेचं अगदी शेवटचं टोक जास्त उभ्या कोनात घासलं जातं आणि हळूहळू गोल होतं. वस्तऱ्याचा कोन पाठीच्या जाडीवरून ठरतो, साधारण 16 ते 18 अंश. तो टिकवायचा तर खाली कडक, सपाट काहीतरी हवं. मी बाल्सा लाकडाची पट्टी वापरतो. विमानांची मॉडेल्स बनवणाऱ्यांच्या दुकानात मिळते. हात मात्र अगदी हलका, पात्याच्या स्वतःच्या वजनाएवढाच.

प्रतिसाद 2

माझ्या वडिलांचं सलून होतं, अखंड पात्याच्या वस्तऱ्याच्या काळातलं. पेस्ट त्यांच्याकडे कधी नव्हती. दगड, पट्टा आणि शेवटी तळहात. तळहातावर सात-आठ वेळा सपसप फिरवून मगच ते गिऱ्हाइकाच्या गालाला लावायचे. शिकल्याशिवाय हे कुणी करू नये, पण यातला मुद्दा घ्या भाऊ. कोऱ्या चामड्यावरच्या फेऱ्या नीट झाल्या तर पेस्ट महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पुरते. काही जण दर आठवड्याला पेस्ट मारतात आणि सहा महिन्यांत वस्तरा दगडावरसुद्धा ऐकेनासा होतो.

प्रतिसाद 3

मी रत्नागिरीकडचा. पावसाळ्यात इथे धार वापराने कमी आणि गंजाने जास्त जाते. कार्बन स्टीलच्या धारेचा गंज डोळ्यांना दिसायच्या आधीच तिला खातो. दाढी झाली की कोमट पाण्याने धुवून मऊ कापडाने पुसा, कोऱ्या चामड्यावर पाच-सहा फेऱ्या द्या म्हणजे धारेवरचा ओलावा निघेल, मग मिनरल ऑइलचा थेंब पसरवा. खोबरेल नको, चिकट होतं. आणि न्हाणीघरात ठेवू नका. पट्टाही तिथे टांगू नका, चामड्याला बुरशी धरते. आधी एवढं करून पाहा, पेस्टची गरजच लांबेल.

धागाकर्ता

मनापासून आभार. वस्तरा न्हाणीघरातल्या कपाटातच असतो, आजच हलवतो. बाल्साचं ठरलं. दोन गोष्टी राहिल्या. बाल्सावर भुकटी कशी आणि किती लावायची? आणि दगडाची वेळ ओळखायची खूण कुणी सांगेल का?

प्रतिसाद 1

बाल्सा आधी सपाट करा. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर पट्टी घासा, आणि पेन्सिलीने आखलेल्या आडव्या-उभ्या रेघा सगळीकडून सारख्या पुसल्या गेल्या की थांबा. मग चिमूटभर भुकटीत मिनरल ऑइलचे दोन थेंब घालून बोटाने चोळा आणि जास्तीचं पुसून काढा. लाकडाचे रेषे हिरवट छटेतून दिसत राहायला हवेत. थर साचला की कण गोळा होतात आणि काम बिघडतं. पाच ते दहा फेऱ्या द्या. नंतर पातं नीट पुसून घ्या, नाहीतर हिरवे कण कोऱ्या चामड्यावर जातील. मग नेहमीच्या चामड्यावरच्या फेऱ्या.

खूण अशी: एका पेस्टनंतर पुढच्या पेस्टपर्यंत होणाऱ्या चांगल्या दाढ्या कमी कमी होत जातात. खात्री करायची तर धारेच्या कडेला दोन्ही बाजूंनी काळा मार्कर लावा आणि 12000 च्या दगडावर पाण्यात एकच हलका हात द्या. मग भिंगातून बघा. शाई अगदी टोकापर्यंत गेली असेल तर धार सपाट आहे, पेस्ट अजून चालेल. मागची शाई गेली आणि टोकावर काळी रेघ उरली, तर टोक गोल झालंय. अशा वेळी पेस्ट थांबवा आणि ज्यांनी पहिली धार लावली त्यांच्याकडेच वस्तरा न्या. वेळेत नेलात तर 12000 वर थोडे हात पुरतात, खरखरीत दगडापर्यंत उतरावं लागत नाही आणि तुम्हाला जपायचं असलेलं पोलाद जपलं जातं.