मदत हवी आहे: ठासणीच्या बंदुकीच्या नळीत बसलेली काजळी

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागरकडचे. आजोबांच्या वेळची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आता माझ्या नावावर झालीय. डुकरं-वानरं पळवायला बार काढायचा, एवढंच तिचं काम. यंदा भातकापणीच्या गडबडीत नळी धुवायची राहिली आणि आठ दिवसांनी बघतो तर आत दगडासारखा थर. काळ्या दारूची राख आधीच दमट हवेतलं पाणी ओढते, त्यात आमचा खारा वारा!

आधी गज घालून नळी रिकामी असल्याची खात्री केली. रॉकेलची चिंधी फिरवली, काही उपयोग नाही. मग कढत पाणी ओतलं, तर शाईसारखं काळं आलं, नंतर तांबूस. आता तळापासून वीतभर वर चिंधी एकाच जागी अडकते, फाटूनच बाहेर येते.

ही काजळी की गंज, कसं ओळखायचं? पितळी ब्रश चालेल ना? लोखंडी तारेचा घालायला धीर होत नाही. एक जण म्हणाला, नळीचं मागचं टोक बंद करणारा बूच खोल. मला ते पटत नाही. आणि शेवटी तेल कुठलं? आई म्हणते खोबरेल (तिच्याकडे सगळ्यावर तोच इलाज), पण ते थंडीत थिजतं.

चिपळूण-रत्नागिरीकडे कुणी परवानाधारक कारागीर असेल तर तेही सांगा.