अकरावीत एपी केमिस्ट्री, एपी सायकॉलॉजी आणि कॅल्क्युलस बीसी: एकत्र झेपेल का?

जाईची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनच्या जवळ राहतो. लेक दहावीत आहे आणि पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म महिनाअखेर भरायचाय. सध्या ऑनर्स केमिस्ट्री आणि ऑनर्स प्रीकॅल्क्युलस चालू आहे, मार्क बरे आहेत. तिने स्वतः एपीची (शाळेतच शिकवतात ते कॉलेजच्या पातळीचे विषय) यादी केलीय: एपी केमिस्ट्री, एपी कॅल्क्युलस बीसी आणि एपी सायकॉलॉजी. फिजिक्स साधं ऑनर्सचं.

नवरा सांगलीचा इंजिनिअर. त्याचं म्हणणं, सायकॉलॉजी हा काय विषय आहे का, ते उडव आणि एपी फिजिक्स १ घे. मी बीकॉम, त्यामुळे सायन्सच्या बाबतीत घरात माझ्या मताला चहापुरती किंमत. पण पोरगी सायकॉलॉजीवर अडून बसलीय. तिला पुढे मेंदूशी संबंधित काहीतरी करायचंय म्हणते (आज तरी).

त्यातून संध्याकाळी साडेपाचपर्यंत ट्रॅकची प्रॅक्टिस, वसंतात एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा). मंडळाच्या कार्यक्रमाला गेलं की बायका 'कशी आहे मुलगी' विचारायच्या आधी 'किती एपी' विचारतात. कुणाची मुलं यातून गेली असतील किंवा कुणी शिकवत असेल तर खरं काय ते सांगा. कॅल्क्युलसचं सोपं एबी न करता थेट बीसी चालतं का? सायकॉलॉजी खरंच सोपं आहे का? की मी तिला उगाच भरीला घालतेय?

सरळमार्गी

चारही घ्या. आमच्या मुलाने घेतले होते, काही होत नाही. कॉलेजवाले शेवटी बघतात की शाळेत जे अवघड होतं ते घेतलं की नाही. या वयात झोप कमी झाली तर चालते. सायकॉलॉजी मात्र बारावीला टाका, तेव्हा हलकं काहीतरी लागतंच.

खडू_फळा

मी शिकागोच्या उपनगरात हायस्कूलला केमिस्ट्री शिकवते, त्याआधी कॅल्क्युलस शिकवायचे. सरळमार्गी, झोपेबद्दल तुमच्याशी अजिबात सहमत नाही. पहिल्या तासाला माझ्यासमोर बसलेली पोरं मी रोज बघते.

जाईची आई, तीन एपी झेपतील का याचं उत्तर तीन या आकड्यात नाही. प्रत्येक विषय वेगळ्या तऱ्हेने वेळ खातो.

केमिस्ट्रीचं सांगते. आपल्याकडे बारावीचं रसायनशास्त्र केलेल्या आईबाबांना वाटतं, आपण घरी घेऊ. ऑरगॅनिकच्या रिअ‍ॅक्शन्स इथे जवळजवळ नाहीतच, पिरिऑडिक टेबल आणि सूत्रांचा कागद परीक्षेत हातात मिळतो, कॅल्क्युलेटर पूर्ण वेळ चालतो. मग अवघड काय? तर 'का' लिहिणं. सव्वातीन तासांच्या पेपरचे निम्मे गुण लेखी प्रश्नांना आहेत: सात प्रश्न, १०५ मिनिटं. त्यात गणित बरोबर येऊनही गुण जातात. नायट्रोजनपेक्षा ऑक्सिजनची आयनायझेशन एनर्जी कमी का? आपण सगळे घोकलोय, 'अर्धा भरलेला ऑर्बिटल स्थिर असतो'. एवढ्यावर इथे गुण मिळत नाही. ऑक्सिजनमध्ये एका पी ऑर्बिटलमध्ये दोन इलेक्ट्रॉन जोडीने बसतात, ते एकमेकांना ढकलतात, म्हणून त्यातला एक काढणं सोपं जातं, असं लिहावं लागतं. मॅग्नेशियम ऑक्साइडचा वितळबिंदू मिठापेक्षा जास्त का, तर आयनांवरचे भार आणि त्यांच्यातलं अंतर, दोन्ही सांगायचं. वर्गात हुशार म्हणून नाव असलेली, झटपट उत्तर काढणारी मुलं इथेच गडबडतात, कारण त्यांना दोन वाक्यं लिहायचा कंटाळा असतो. त्याशिवाय वर्षभरात किमान १६ प्रयोग आणि त्यांचे रिपोर्ट. हा विषय दर आठवड्याला वेळ मागतो. शनिवारी सगळं उरकू म्हटलं तर होत नाही.

आता बीसी. एबी न करता थेट बीसी घेणारी मुलं पुष्कळ असतात. एबीचं सगळं बीसीत येतंच, वर सीरीज, पॅरामेट्रिक आणि पोलर, आणि इंटिग्रेशनच्या एक-दोन जादा पद्धती. निकालात एबीचा वेगळा उपगुणही मिळतो. पोरं अडतात ती कॅल्क्युलसमुळे नाही, बीजगणितामुळे. अपूर्णांकातला अपूर्णांक, लॉगचे नियम, त्रिकोणमितीतल्या ठरलेल्या किमती. हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी येत असेल तर खुशाल बीसी घ्या. प्रीकॅल्क्युलसमध्ये मार्क नक्की कुठे जातात ते तिच्या जुन्या पेपरांत बघा. नुसता ग्रेड बघून काही कळत नाही.

एक गंमत. आपल्या घरातून आलेली मुलं उत्तर शेवटपर्यंत सोपं करत बसतात. बीसीच्या लेखी प्रश्नांत आकडी उत्तर सोपं न करता सोडलं तरी पूर्ण गुण असतात. उलट सोपं करताना चूक झाली तर हातातला गुण जातो. आणि डिफरन्शियल इक्वेशनमध्ये 'अधिक सी' विसरलं की त्या प्रश्नाचे बरेचसे गुण गेलेच. मीन व्हॅल्यू थिअरम वापरायच्या आधी फंक्शन सलग आहे आणि डिफरन्शिएबल आहे, हे लिहून दाखवावं लागतं. 'ते तर दिसतंच आहे' चालत नाही.

फिजिक्स १ बद्दल: ते बीजगणितावर चालतं, कॅल्क्युलस लागत नाही. शाळेत ऑनर्स फिजिक्स चांगलं शिकवत असतील तर ते पुरे. बीसी झाल्यावर बारावीत कॅल्क्युलसवर चालणारं फिजिक्स सी घेता येईल आणि तिच्या बाबांच्या आतल्या इंजिनिअरचंही समाधान होईल.

सायकॉलॉजीबद्दल मी बोलत नाही, माझा विषय नाही. पण ते 'हलकं' म्हणून बारावीला ढकलू नका.

कोथिंबीरवडी

काकू, मी आत्ता कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. एपी सायकॉलॉजी केलंय, तेही नव्या पेपराच्या पहिल्याच वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे मध्ये. मराठी टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

आधीच्या बॅचचे लोक म्हणायचे फ्लॅशकार्ड पाठ कर, पाचपैकी पाच मिळतात. तेव्हा ७० मिनिटांत १०० एमसीक्यू असायचे. आता ९० मिनिटांत ७५ आहेत आणि प्रश्न लांब आहेत, एक प्रसंग देतात आणि तिथे काय चाललंय ते विचारतात. सगळ्यात जास्त गोंधळ 'निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट'चा. लोकांना वाटतं ती शिक्षा. आईने फोन काढून घेतला ती शिक्षा. पण सीटबेल्ट लावला की गाडीची कटकटी बीप बंद होते आणि म्हणून आपण पुढच्या वेळी लगेच लावतो, ते निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट. डेफिनिशन पाठ असूनही माझ्या मैत्रिणी यात फसल्या.

लेखी भागात दोनच प्रश्न, ७० मिनिटं. पहिल्यात एका खऱ्या रिसर्चचा सारांश देतात. पद्धत कोणती, व्हेरिएबल मोजला कसा, दिलेल्या आकड्याचा अर्थ काय, संशोधकांनी नैतिकतेचा कुठला नियम पाळला, निष्कर्ष कुणाला लागू होतो, असं विचारतात. दुसऱ्यात तीन अभ्यास देतात आणि तुम्ही एक बाजू घेऊन त्यातला पुरावा द्यायचा. माणसं निवडताना रँडम आणि गटांत वाटताना रँडम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला कळलं त्याचं अर्धं काम झालं. खरं सांगू? मला कॉलेजच्या बायॉलॉजीत पेपर वाचताना याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतोय.

बाकी, २०२५ च्या आधीचे लेखी प्रश्न प्रॅक्टिसला घेऊ नका, ते वेगळ्या टाइपचे आहेत. एमसीक्यूच्या रिव्हिजनला जुनं पुस्तक चालेल.

पेठेतला

आमच्या वेळी अकरावीला एकच प्रश्न होता, बायॉलॉजी ठेवायचं की सोडायचं. आता क्लासवालेच ठरवतात, कॉलेजला हजेरीपुरतं जायचं. पुण्यात सायन्सच्या मुलीने मानसशास्त्र हवं म्हटलं तर घरचे आधी तिच्याकडे बघतात आणि मग तिच्या आईकडे. तुमच्याकडे निदान फॉर्मवर तो रकाना तरी आहे! असो, माझा प्रतिसाद अवांतर समजावा.

जाईची_आई

किती नीट लिहिलंत सगळ्यांनी. कोथिंबीरवडी, तुझं मराठी छान आहे, माझ्या लेकीला दाखवणार आहे. सीटबेल्टचं उदाहरण नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'मग हे तर फीडबॅक कंट्रोल झालं.' म्हणजे विषय थोडा वर सरकला असावा.

खडू_फळा, दोन शंका. उन्हाळ्यात क्लास लावावा का? आणि या गुणांवर पुढे कॉलेजची फी खरंच वाचते का? इथे सगळे तेच सांगतात.

खडू_फळा

केमिस्ट्रीचा क्लास उन्हाळ्यात नको. सप्टेंबरमध्ये शाळेत तेच परत सुरू झालं की मुलं लक्ष देत नाहीत. मोल, लिमिटिंग रीएजंट, द्रावणाची संहती एवढं हात बसेपर्यंत करून ठेवलं तर पहिला महिना सुखाचा जातो. बीसीसाठी वर लिहिलेलं बीजगणित. बाकी तिला भारतात आजीकडे जाऊ द्या. कॉलेज बोर्डाच्या (एपी परीक्षा घेणारी संस्था) साइटवर मागच्या वर्षांचे लेखी प्रश्न आणि गुण कसे दिले त्याचे तक्ते फुकट असतात. जानेवारीपासून आठवड्याला एक प्रश्न सोडवून तिने स्वतःच त्या तक्त्यावरून तपासावा. माझ्या वर्गात जी मुलं हे करतात, त्यांना एप्रिलमध्ये वेगळी तयारी करावी लागत नाही.

क्रेडिटचं (म्हणजे तो विषय कॉलेजात झाला असं धरण्याचं) प्रत्येक कॉलेजचं वेगळं. एमआयटी बीसीच्या ५ वर पहिल्या कॅल्क्युलसचं क्रेडिट देते, पण केमिस्ट्रीच्या एपीवर देत नाही. कॅलटेक कुठल्याच एपीवर देत नाही. राज्य विद्यापीठं साधारण जास्त उदार असतात. तिला पुढे मेडिकलला जायचं झालं, तर काही मेडिकल स्कूल्स एपीचं केमिस्ट्री धरत नाहीत, कॉलेजमध्ये परत करावं लागतं. त्यामुळे फी वाचेल म्हणून केमिस्ट्री घेऊ नका, विषय आवडत असेल तर घ्या.

परीक्षेची नोंदणी शाळेमार्फत साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत होते, एका विषयाला शंभरेक डॉलर. विषय वर्गात घेतला म्हणून परीक्षेला बसलंच पाहिजे असं बहुतेक ठिकाणी नसतं, तुमच्या शाळेचा नियम काउन्सेलरला विचारा. आणि फॉर्म भरायच्या आधी आणखी एक विचारून घ्या: सप्टेंबरमध्ये झेपत नाही असं वाटलं तर बीसीतून एबीत कुठल्या तारखेपर्यंत बदलून देतात. ही तारीख फार लवकर असते आणि पालकांना ती उलटून गेल्यावर कळते.

जाईची_आई

हे मला माहीतच नव्हतं. उद्याच ईमेल करते काउन्सेलरला.