अनुभव धागा: घरी जोडलेला गेमिंग पीसी – काय टिकलं, काय जळलं, पैसे कुठे वाचवायला नको होते?

धागाकर्ता, ठाणे

पुढच्या महिन्यात भाच्यासाठी गेमिंग पीसी जोडायचाय. बजेट ७० हजारांच्या आसपास. त्याने यादी करून पाठवली: प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रंगीत दिव्यांचे पंखे, सगळं मॉडेल नंबरसकट. शेवटची ओळ, 'एसएमपीएस – कोणताही'. एसएमपीएस म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. ते 'कोणताही' वाचून पोटात गोळा आला, कारण २०२० साली माझ्या यादीतही हेच होतं.

तेव्हा रायझन ५ ३६०० प्रोसेसर आणि जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड घेतलं. पैसे तिथेच संपले. मग जुन्या डब्यातला '४५० वॅट'चा लोकल एसएमपीएस काढून लावला. कार्डाला ८ पिनचा प्लग लागतो, तो त्यात नव्हताच. दुकानदाराने मोलेक्सचा (जुन्या चार पिनांच्या प्लगचा) जोड हातात ठेवला, "चालतं साहेब, सगळे हेच लावतात." डेस्कटॉपवर मशीन मजेत चाले. गेम रंगात आला की पंधराव्या-विसाव्या मिनिटाला खट्. एरर नाही, निळा स्क्रीन नाही, काही नाही. दोन महिने मी रॅम बदल, विंडोज परत टाक, जुना ड्रायव्हर शोध, असे सगळे उपासतापास केले. शेवटी एका रात्री कॅबिनेट उघडलं तर मोलेक्सच्या पांढऱ्या प्लगचा एक कोपरा चहाच्या रंगाचा झालेला, आणि जळक्या प्लास्टिकचा वास.

एसएमपीएसचं लेबल त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचलं. वर ठळक ४५०. खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. या १२ व्होल्टमधूनच कार्ड एकटं १२५ वॅट खातं, प्रोसेसर जोरात असला की ८८ पर्यंत जातो. झाले २१३. मदरबोर्ड, पंखे अजून धरलेच नाहीत.

तर मंडळी, बेंचमार्क (वेगाच्या चाचण्यांचे आकडे) नकोत, ते यूट्यूबवर पोत्याने आहेत. दोन-चार वर्षं वापरल्यावर काय झालं ते लिहा. तक्रारीत कंपन्यांची आणि दुकानांची नावं टाळूया, नाहीतर धागा हाणामारीवर जातो.

दुरुस्तीवाला, नाशिक

टेबलावर बसून बारा वर्षं झाली, म्हणून दोन शब्द. 'नो डिस्प्ले', म्हणजे स्क्रीनवर काहीच येत नाही, म्हणून आलेल्या मशीनची रॅम काढायची, सोनेरी पट्टी खोडरबराने पुसायची, परत बसवायची. कितीतरी मशीन तेवढ्यावर घरी जातात. गिऱ्हाइकाला वाटतं मदरबोर्ड गेला.

धागाकर्त्याने सांगितलेलं लेबल वाचायलाच हवं. त्यात एक भर. एसएमपीएसवरचा '८० प्लस'चा बिल्ला बघून लोक निर्धास्त होतात. तो बिल्ला वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या लोडवर ब्राँझ दर्जाच्या बिल्ल्याला ८५ टक्के कार्यक्षमता लागते, गोल्डला ९०. आतले कपॅसिटर ८५ डिग्री सोसणारे आहेत की १०५, शॉर्ट झालं तर एसएमपीएस स्वतः बंद होतो की सोबत मदरबोर्ड घेऊन जातो, हे त्यावर लिहिलेलं नसतं. मी वॉरंटीची वर्षं बघतो. कंपनी स्वतः पाच वर्षांची हमी द्यायला तयार नसेल, तर तो एसएमपीएस मी माझ्या घरच्या मशीनला लावत नाही.

हातातला वजनाचा फरकही कळतो हो, पण ते शास्त्र नाही, सवय आहे.

गिरगावकर

आमची चाळीतली खोली. नवा पीसी, चांगला एसएमपीएस, सगळं बिलासकट. पण अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या. आई म्हणे, "तुझ्या त्या डब्याला मी झाडूसुद्धा लावणार नाही." मी हसण्यावारी नेलं.

एक दिवस पीसी आणि टीव्ही दोन्ही चालू असताना एचडीएमआयची वायर लावायला गेलो. प्लग टेकता टेकता बारीक ठिणगी उडाली आणि टीव्हीचा तो पोर्ट कायमचा मेला. वायरमनला बोलावलं. त्याने मल्टिमीटरचं एक टोक कॅबिनेटच्या स्क्रूला लावलं, दुसरं बाहेर मीटरच्या पेटीतून ओढून आणलेल्या अर्थिंगच्या तारेला. आकडा ११० च्या पुढे. मग भिंतीतला सॉकेट उघडला. समोरून तीन भोकं, मागे तारा दोनच. तिसरं भोक नुसतं शोभेचं!

एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यातून येणारा किंचितसा करंट जमिनीत जातो. नसेल तर साधारण निम्मा व्होल्टेज कॅबिनेटवर बसून राहतो. करंट अगदी थोडा, माणूस त्याने मरत नाही, पण पोर्ट मरतात. मीटरच्या पेटीपासून खोलीपर्यंत हिरवी तार ओढून घेतली. ते पैसे कुठल्याच पीसीच्या यादीत धरलेले नसतात. आई आता कॅबिनेट पुसते.

नो_डिस्प्ले

रुमाल टाकून ठेवतोय. माझा किस्सा लाजिरवाणा आहे, रात्री लिहितो.

एक आई, कोल्हापूर

मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. लेकाने यादी दिली आणि मी पैसे दिले, एवढाच संबंध. पण बिलं माझ्याकडे असतात. दोन वर्षांनी ग्राफिक्स कार्ड बंद पडलं, तीन वर्षांची वॉरंटी होती. फाईल उघडली तर बिलाचा कागद कोरा. खरंच कोरा! दुकानातल्या छोट्या मशीनवर छापलेलं होतं, ती शाई उडून जाते म्हणे. तिरका धरून उजेडात बघितला तर कुठेतरी '१८%' एवढं दिसत होतं. त्यावर सीरियल नंबर कधी नव्हताच.

दुकानदाराने त्याच्या कॉम्प्युटरमधून बिल परत काढून द्यायला सतरा हेलपाटे घालायला लावले. दिलं शेवटी. आता काहीही घेतलं की मी काउंटरवरच बिलाचा आणि खोक्यावरच्या सीरियल नंबरचा फोटो काढते, आणि नंबर बिलावर हाताने का होईना लिहून सही-शिक्का घेते. मुलगा म्हणतो, "आई, किती गं चिकटपणा." असू दे.

वऱ्हाडी

नागपूर. मे महिना. बाहेर ४५, खोलीत ३९. कोणताही साधा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, हे गणित आम्हाला शाळेत नाही, गेममध्ये कळते.

माझं पहिलं कॅबिनेट समोरून पूर्ण काचेचं, दिसायला झकास. कार्ड ८३ डिग्रीला टेकायचं आणि क्लॉक (स्वतःचा वेग) खाली आणायचं, गेम अडखळायचा. एक दिवस समोरची काच काढून पलंगाखाली सरकवली. त्याच गेममध्ये ७४. त्यानंतर जाळीवालंच कॅबिनेट घेतलं. जाळीने धूळ येते, हो. मग दर महिन्याला ब्लोअर मारायचा, पंख्याचं पातं बोटाने धरून, नाहीतर ते गरगरा फिरून बेअरिंगची वाट लावते.

आणि पीसी डेझर्ट कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका बाप्पा. माझ्या मित्राने ठेवला होता. दोन उन्हाळ्यांत मदरबोर्डच्या मागच्या पोर्टांवर हिरवट थर.

सेकंडहँड, कोथरूड

वापरलेलं कार्ड म्हटलं की सगळे नाक मुरडतात, म्हणून उलट बाजू. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डं चालवून आभासी चलन कमावणं) बंद झालं आणि बाजारात कार्डांचा सुकाळ झाला. मी 'आरएक्स ५८० ८ जीबी' बघायला एकाच्या फ्लॅटवर गेलो. त्याच्याच मशीनवर जीपीयू-झेड, म्हणजे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडलं. शेडर्सच्या (चिपमधल्या हिशेब करणाऱ्या छोट्या भागांच्या) रकान्यात २०४८. खऱ्या ५८० ला २३०४ हवेत. २०४८ वालं कार्ड नावाने ५८०, ताकदीने ५७०. त्याला दाखवलं, तोही चकित, त्यालाही कुणीतरी तसंच विकलं होतं. किंमत तिथेच उतरली. घेतलं.

मग अर्धा तास फरमार्क (कार्डाला पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर) लावून बसलो, त्याच्या आईने चहा दिला. तापमान बघायचं, पण त्याहून जास्त कान द्यायचा. मायनिंगच्या कार्डाची चिप बहुतेक ठीक असते, पंखे मात्र रात्रंदिवस फिरून खिळखिळे होतात. डावा पंखा घरघरत होता. तो नंतर बदलला, थर्मल पेस्ट (चिपची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) नवी केली, कार्ड अजून चालू आहे. स्वस्त १०५० टी-आय दिसलं तर मात्र दहादा बघा. जुन्या जीटीएस ४५० कार्डावर खोटा बायॉस (कार्डाची ओळख सांगणारा आतला प्रोग्रॅम) टाकून विकतात. जीपीयू-झेड आता अशा कार्डाच्या नावाआधी 'फेक' लिहून देतं.

न्यू जर्सीहून

पुण्याच्या भावासाठी इथून कार्ड नेलं. १० हजार वाचले म्हणून दोघं खूश. आठ महिन्यांनी बिघडलं तर तिथल्या सर्व्हिस सेंटरने सीरियल नंबर टाकून सांगितलं, हे भारतात विकलेलं नाही, जिथून घेतलं तिथे पाठवा. पुढच्या फेरीत कपड्यांच्या बॅगेत परत आणलं. वाचलेले १० हजार त्या आठ महिन्यांतच संपले म्हणायचे.

नो_डिस्प्ले

आलो. कूलरची पेस्ट बदलायला पीसी उघडला. थंडीचे दिवस, मशीन सकाळपासून बंद. एएम ४ सॉकेटचा बोर्ड, म्हणजे पिना प्रोसेसरलाच. कूलरचे स्क्रू काढले आणि सरळ वर ओढला. कर्रर्र. कूलर हातात आला आणि त्याच्या बुडाला प्रोसेसर चिकटलेला! सॉकेटची दांडी लॉकमध्येच होती. १३३१ पिनांपैकी कोपऱ्यातल्या चार आडव्या.

बहिणीची पेन-पेन्सिल घेतली, शिसं काढून टाकलं आणि तिचं पोकळ टोक एकेका पिनेवर चढवून केसाकेसाने सरळ केलं. दीड तास. मधे बाबा येऊन "अजून कॉम्प्युटर झाला नाही का?" विचारून गेले. चालला. तीन वर्षं झाली. आता उघडण्याआधी दहा मिनिटं गेम लावून पेस्ट मऊ करतो, मग मशीन बंद करून कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळतो आणि नंतरच उचलतो.

धागाकर्ता

@नो_डिस्प्ले, यात लाजायचं काय! भाच्याला वाचून दाखवलं, तो म्हणतो, "मामा, आपण एएम ५ घेऊ, त्याच्या पिना सॉकेटमध्ये असतात." म्हटलं, मग वाकल्या तर मदरबोर्ड जाईल.

हडपसर

एएम ५ घेताय तर ऐका. पहिल्यांदा चालू केलं, पंखे फिरले, स्क्रीन काळा. पाच मिनिटं काही नाही. मी घाबरून बंद केलं, परत चालू, परत बंद. रात्री दुकानदाराला फोन. तो म्हणाला, "हात लावू नका, जेवून या." डीडीआर ५ रॅम पहिल्या वेळी स्वतःची जुळणी करत बसते, त्याला कित्येक मिनिटं लागू शकतात. आमटी-भात होईपर्यंत स्क्रीनवर लोगो आलेला.

मालवणातून

आमच्याकडे खारी हवा आणि मेघगर्जना. यूपीएस होता, स्पाइक गार्ड होता, पाऊस सुरू झाला की पॉवरचा प्लग काढायची शिस्तही होती. गेल्या मिरगाच्या आधीच्या पावसात मागच्या माडावर वीज पडली. प्लग काढलेला होता. तरी मदरबोर्डचा लॅन पोर्ट गेला आणि राऊटरही. वीज आली इंटरनेटच्या वायरीने, जी आम्ही कधी काढतच नव्हतो. बोर्ड बाकी चालतो, आता नेटसाठी यूएसबीचा डोंगल लावलाय.

ढग दाटले की आई आधी ती निळी वायर उपटते, मग वाळत घातलेले सोडे आत आणते.