मेडिकल हुकलं म्हणून नव्हे

'मेडिकलला नंबर लागला नाही की बायोमेडिकल सायन्स घ्यायचं' असं एकाने लिहिलंय. मला ते अजिबात पटत नाही. मी हा विषय पहिल्या पसंतीने घेतला, तो एका काचपट्टीमुळे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाचं रक्त होतं ते. मायक्रोस्कोपमध्ये गोल तांबड्या पेशींच्या गर्दीत काही विळ्यासारख्या वाकलेल्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. या पेशींत ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं (प्रथिनाचे घटक) असतात, त्यातलं फक्त सहावं बदललेलं: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. तेवढ्याने ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, पेशी ताठरतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि माणूस वेदनेने तळमळतो. शास्त्रज्ञ व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हा बदल १९५७ मध्ये दाखवला. क्रिस्पर या जनुकांत नेमका बदल करणाऱ्या तंत्रावर आधारलेल्या, या आजारावरच्या उपचाराला ब्रिटनने मान्यता दिली २०२३ मध्ये. (गंमत म्हणजे त्यात ती मूळ चूक दुरुस्त करत नाहीत, बाळ गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतात!)

मधल्या ६६ वर्षांत प्रयोगशाळेत राबलेली माणसं मला डॉक्टरांइतकीच मोठी वाटतात. प्रयोग फसतात, महिने वाया जातात, हे खरंय. पण 'हे असं का होतं?' हा प्रश्न ज्याला झोपू देत नाही, त्याने हा विषय बेधडक घ्यावा.