व्हॅमनं गारवा फुकट मिळतो? निदान मराठवाड्यात तरी हे सांगू नका

वाळूज_युटिलिटी: काल इथं एकानं लिहिलं की हॉस्पिटल, हॉटेल, मॉल सगळ्यांनी इलेक्ट्रिक चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारं विजेवरचं मशीन) काढून व्हॅम (तेच काम स्टीम किंवा उष्णतेवर करणारं मशीन) बसवावं, उष्णता फुकट म्हणजे गारवाही फुकट. वाचून डोकंच फिरलं. सीओपी म्हणजे दिलेल्या ऊर्जेच्या किती पट गारवा मिळतो ते. उष्णता एकदाच वापरणाऱ्या सिंगल इफेक्ट व्हॅमचा सीओपी 0.7, दोनदा वापरणाऱ्या डबल इफेक्टचा 1.2-1.3, आणि चांगल्या वॉटर कूल्ड सेंट्रिफ्युगल इलेक्ट्रिक चिलरचा 5-6. डबल इफेक्टलासुद्धा टनामागं (टन म्हणजे इथं गारव्याचं माप) तासाला चार-साडेचार किलो स्टीम लागते, त्यासाठी मुद्दाम बॉयलर पेटवायचा असेल तर आधी ब्रिकेटचं (बॉयलरच्या जळणाचं) बिल बघा. जिथं वाया जाणारी उष्णता वर्षभर मिळते तिथंच व्हॅम, आणि तेही इलेक्ट्रिकच्या जोडीला. बेस लोड व्हॅमवर, चढउतार इलेक्ट्रिकवर.

लातूरकर: तुलनाच चुकीची आहे साहेब. कोळशातून वीज होताना दोन तृतीयांशाच्या आसपास उष्णता वाया जाते ती कोण धरणार? आणि लाइट गेल्यावर ते सेंट्रिफ्युगल डीजीवर (डिझेल जनरेटरवर) चालवून दाखवा, 500 टनाला 300 किलोवॅट एकटा कॉम्प्रेसर खातो. व्हॅमला पंपापुरती वीज. आमच्या भागात साखर कारखाने आहेत, बगॅस (उसाचा चोथा) आहे, स्टीम आहे, अजून काय पाहिजे?

गोदाकाठ: कारखान्याचं नाव काढू नका. गळीत मार्च-एप्रिलला आटोपतं आणि एसी खरा लागतो मे मध्ये. शिवाय शहरातल्या बिल्डिंगपर्यंत स्टीमची लाइन कोण टाकणार? आणि पाण्याचं कुणीच का बोलेना? कूलिंग टॉवरमधून इलेक्ट्रिक चिलर टनामागं तासाला सहा लिटरच्या आसपास पाणी उडवतो, सिंगल इफेक्ट व्हॅम दुप्पट, ब्लोडाउन (क्षार साठू नयेत म्हणून सोडून द्यायचं पाणी) वेगळंच. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते लातूरकर विसरले काय?

लातूरकर: विसरंल कोण? आई रात्रभर घागरी लावून टँकरची वाट बघायची, पाण्याचं मला शिकवू नका. विजेलाही पाणी लागतंच की, 2013 ला परळीचं थर्मल पाण्यावाचूनच बंद पडलं होतं.

परळीचा_पोरगा: परळीचं बोलायलात म्हणून लिहितो. माझे वडील तिथं ठेकेदाराकडं होते, संच बंद पडले तसं घरचं उत्पन्नही बंद. आणि त्याच वर्षी शेजारच्या रानात ऊस उभा होता. चिलरचं सहा लिटर आणि बारा लिटर काय मोजायलात, उसाचं मोजा ना!

गोदाकाठ: ऊस नको तर शेतकऱ्यानं काय लावावं तेही सांगा. सोयाबीनला भाव देता का? माझ्या चुलत्यानं ऊस मोडला अन् दोन्हीकडून गेला.

वाळूज_युटिलिटी: अहो उसावर वेगळं लिहा, हात जोडतो. पाणीच नसेल तर हवेवर चालणारा एअर कूल्ड चिलर आहे, पण 43 डिग्रीला त्याची कपॅसिटी पडते अन् टनाला 1.2 किलोवॅटच्या वर वीज जाते, हेही लक्षात घ्या.

बॉयलर_फोरमन: लाइट गेली तरी व्हॅम चालतं म्हणणाऱ्यांनी हे ऐका. आमच्या हॉस्पिटलात एका रात्री लाइट गेली, डीजी लवकर उचलला नाही, डायल्युशन सायकल (बंद करताना आतलं द्रावण पातळ करणं) अर्धवट राहिली आणि द्रावणातलं लिथियम ब्रोमाइड आतच क्रिस्टल झालं. गरम करत करत सोडवायला सगळा दिवस गेला. ओटी (ऑपरेशन थिएटर) तेवढा वेळ कुणी धरून ठेवली? इलेक्ट्रिक स्क्रू चिलरनं. ते नसतं तर ऑपरेशनं पुढं ढकलावी लागली असती. व्हॅक्यूमची गळती तर नेहमीचीच, पर्जकडं (आत शिरलेली हवा काढण्याकडं) लक्ष नाही दिलं की कपॅसिटी गेलीच.

लातूरकर: बरं, सोल्युशन पंपाला भरवशाचा बॅकअप पाहिजे एवढं मान्य. पण मग तुम्हीच बघा, दोन्ही मशीन होत्या म्हणून निभावलं. व्हॅम काढा असं त्यातून कुठं निघतं?

वाळूज_युटिलिटी: काढा म्हणतंय कोण? वरचं पुन्हा वाचा. परतीचं 12 डिग्रीचं पाणी आधी व्हॅममध्ये घ्या, तिथं ते जास्त चांगलं चालतं, आणि 7 पर्यंत इलेक्ट्रिकला न्यायला लावा. टॉवरला एसटीपीचं (शुद्ध केलेल्या सांडपाण्याचं) पाणी द्या.

गोदाकाठ: एसटीपीचं पाणी द्यायचं तर त्याचा हार्डनेस, क्लोराइड तपासून घ्या, नाहीतर कंडेन्सरच्या ट्यूबा खराब होतील. आणि उसाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही.